फ्रँक कॅसलच्या छातीवरची कवटी

‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १२९वा अंक, फेब्रुवारी १९७४. मुखपृष्ठावर स्पायडर-मॅन बंदुकीच्या दुर्बिणीत नेमका टिपलेला आणि त्याच्यामागे काळ्या कपड्यांतला, छातीभर पांढरी कवटी मिरवणारा एक धिप्पाड माणूस. हा पनिशर. त्या अंकात तो नायक नव्हताच. जॅकल नावाच्या खलनायकाने स्पायडर-मॅन खुनी असल्याचं त्याच्या मनात भरवून दिलं होतं आणि हा त्याला मारायला निघाला होता. एका अंकापुरता आलेला हा पाहुणा पुढे पन्नास वर्षं टिकला. कॉमिक्समधून तो सिनेमात, व्हिडिओ गेममध्ये, मालिकांत आणि शेवटी पोलिसांच्या गाड्यांवरही पोचला. प्रत्येक ठिकाणी त्याचं नाव फ्रँक कॅसलच राहिलं, माणूस मात्र बदलत गेला.

त्याला जन्म देणारा लेखक गेरी कॉनवे तेव्हा जेमतेम विशीत होता. त्याच्या कच्च्या रेखाटनात कवटी छोटीशी, छातीच्या एका बाजूला होती. चित्रकार जॉन रोमिटा यांनी ती छातीभर पसरवली आणि तिच्या दातांना कमरेच्या काडतुसांच्या पट्ट्याशी जोडून टाकलं. नाव स्टॅन ली यांनी सुचवलं. अंकाची चित्रं रॉस अँड्रू यांची. १९६९ पासून डॉन पेंडलटन यांच्या कादंबऱ्यांमधला मॅक बोलन हा व्हिएतनामहून परतलेला सैनिक माफियाविरुद्ध एकट्याने लढत होता आणि वाचक त्या कादंबऱ्या हातोहात घेत होते. पनिशर त्याच मुशीतला. व्हिएतनाममधून अमेरिकन सैन्य नुकतंच माघारी आलं होतं आणि मोठ्या शहरांतली गुन्हेगारी रोज पेपरात झळकत होती. अशा माणसाची गोष्ट ऐकायला लोक तयार होते.

त्याची पूर्वकथा १९७५ साली ‘मार्व्हल प्रिव्ह्यू’ या कृष्णधवल मासिकात आली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सहलीला गेलेलं कॅसल कुटुंब माफियाच्या एका हत्येच्या आड येतं. बायको आणि दोन मुलं मरतात, फ्रँक वाचतो. त्या हत्येशी कॅसल कुटुंबाचा काही संबंध नव्हता. ही माणसं फक्त चुकीच्या वेळी चुकीच्या ठिकाणी होती. फ्रँकचं तिथे कुणाशी वैर नव्हतं आणि त्याच्याविरुद्ध कुणी कट रचलेला नव्हता. माझ्या मते पनिशरची सगळी भीषणता या योगायोगात आहे. ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांचा हिशेब कॉमिक्समध्ये केव्हाच चुकता झाला, तरीही हा माणूस थांबत नाही. म्हणजे ही सूडकथा नाही. सूड संपल्यावर उरलेल्या माणसाची ही कथा आहे. पुढच्या माध्यमांनी नेमकी हीच गोष्ट हातची घालवली.

अर्थात कॉमिक्सनेही त्याला सुरुवातीपासून नीट ओळखलं होतं असं नाही. कॉमिक्स कोड या सेन्सॉरसारख्या नियमावलीच्या धाकामुळे सत्तरच्या दशकात तो कधीकधी जीव न घेणाऱ्या गोळ्या वापरायचा. १९८३च्या सुमारास बिल मँटलो यांनी त्याला सिग्नल तोडणाऱ्या टॅक्सीवाल्यावर आणि रस्त्यात कचरा टाकणाऱ्यावर गोळ्या झाडताना दाखवलं. शिक्षा देण्याचा अधिकार स्वतःकडे घेतलेला माणूस शेवटी कुठे जाऊन पोचतो, याचं ते खरं तर धाडसी चित्र होतं. पण पात्राला वाचक वाढत होते. १९८६ साली स्टीव्हन ग्रँट आणि माइक झेक यांची लघुमालिका आली आणि तो वेडेपणा तुरुंगात दिलेल्या औषधांमुळे होता, असा खुलासा करून टाकला गेला. रस्ता मोकळा झाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पनिशरची तीन मासिकं एकाच वेळी निघत होती. दर महिन्याला नवे माफिया, नवी शस्त्रं. १९९५ साली तिन्ही बंद पडली.

त्याला परत उभं केलं ते गार्थ एनिस यांनी. उत्तर आयर्लंडमध्ये, तिथला हिंसाचार ऐन भरात असताना वाढलेला हा लेखक. बंदूक हाती घेतलेल्या माणसाभोवती किती लवकर आरती सुरू होते, हे त्यांना ठाऊक असणार, असं त्यांचं लेखन वाचताना सारखं जाणवतं. २०००–०१ मधल्या ‘वेलकम बॅक, फ्रँक’ या बारा अंकांच्या मालिकेत, स्टीव्ह डिलन यांच्या चित्रांसह, त्यांनी पनिशरला तीन भक्त दिले. एक पाद्री आहे, कबुलीजबाब द्यायला आलेल्या पाप्यांचाच तो जीव घेतो. एक श्रीमंत गृहस्थ आहे, आपल्या वस्तीत नको असलेली माणसं तो संपवतो. तिसरा बड्या कंपन्यांच्या साहेबांना मारतो. तिघे एकत्र येतात आणि फ्रँकला सांगतात, आम्ही तुझेच अनुयायी आहोत, तू आमचा म्होरक्या हो. फ्रँक तिघांनाही गोळ्या घालतो. मालिकेत विनोद भरपूर आहे, पण या जागी लेखक मुळीच थट्टा करत नाही.

पुढे ‘मॅक्स’ या प्रौढांसाठीच्या शिक्क्याखाली एनिस यांनी २००४ ते २००८ अशी साठ अंकांची मालिका लिहिली. त्याआधीची ‘बॉर्न’ ही २००३ची चार अंकांची कथा १९७१च्या व्हिएतनाममध्ये घडते. व्हॅली फोर्ज नावाची एक तळछावणी, शेवटच्या हल्ल्यात सगळे मेलेले, एकटा कॅप्टन कॅसल लढतो आहे. त्याच्या मनात एक आवाज बोलतो. तुला कधीही न संपणारं युद्ध देतो, फक्त किंमत मोजावी लागेल. कॅसल हो म्हणतो. अखेरीस तो विमानतळावर उतरतो, बायको-मुलं घ्यायला आलेली असतात आणि तो आवाज पुन्हा येतो, किंमत सांगायला. डॅरिक रॉबर्टसन यांनी काढलेली ती शेवटची पानं वाचल्यावर सेंट्रल पार्कची कथा पहिल्यासारखी वाचताच येत नाही. कुटुंब गेल्यामुळे हा असा झाला, ही आपली सोयीची समजूत कोलमडते. ‘मॅक्स’मध्येच २०१० नंतर जेसन आरन यांनी याच्याही पुढे जाऊन दाखवलं, की गोळीबाराच्या काही क्षण आधी फ्रँक बायकोकडे घटस्फोट मागत होता.

एवढं कठोर चित्रण कॉमिक्सला का जमलं? एक कारण तंत्रातलं आहे. कागदावरच्या फ्रँकचा चेहरा दगडासारखा राहू शकतो. डिलन यांच्या चौकटींत तो बहुतेकदा कपाळावरच्या सारख्याच आठ्यांनी आपल्याकडे बघत असतो. त्याचे विचार आपल्याला त्याच्या युद्धाच्या रोजनिशीतून कळतात, आणि ती रोजनिशी कोरडी आहे. दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत वाचक थांबतो आणि स्वतः निवाडा करतो. सिनेमाला अशी पट्टी नसते. तिथे नट आहे, त्याचे डोळे आहेत, पार्श्वसंगीत आहे. पडद्यावर माणूस रडला की आपण त्याच्या बाजूला जातो.

पहिला सिनेमा १९८९चा, डॉल्फ लुंडग्रेनचा. चित्रीकरण ऑस्ट्रेलियात, सिडनीला झालं. इथे कॅसल पोलीस अधिकारी आहे आणि त्याचं कुटुंब मरतं ते त्याच्यासाठीच ठेवलेल्या बॉम्बने. योगायोग गेला, वैर आलं. छातीवरची कवटीही गेली, ती फेकायच्या सुऱ्यांच्या मुठींवर उरली. निर्मिती करणारी कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि अमेरिकेत हा सिनेमा थिएटरात न लागता थेट व्हिडिओवर आला. २००४च्या सिनेमात थॉमस जेन होता. त्यात फक्त बायको-मुलगा नाही, तर पोर्टो रिकोमध्ये स्नेहमेळाव्याला जमलेलं सगळं गणगोत मारलं जातं, आणि तेही ठरवून, बदला म्हणून. कवटीचा टी-शर्ट त्याला मुलाने भेट दिलेला असतो. कॉमिक्समध्ये कवटी शत्रूला धाक घालण्यासाठी होती. पुढे असाही खुलासा आला की शत्रूने डोक्याऐवजी चिलखत असलेल्या छातीवर नेम धरावा म्हणून ती आहे. इथे मात्र ती पोराची आठवण झाली. त्या एका बदलाने मृत्यूच्या खुणेचं ताईतात रूपांतर झालं. सिनेमाला दोन तासांत गोष्ट संपवायची असते, म्हणून एक मोठा खलनायक लागतो, तो मेला की न्याय झाला. कॉमिक्सच्या फ्रँकला असा न्याय कधी मिळालेलाच नाही.

२००८चा ‘पनिशर: वॉर झोन’ लेक्सी अलेक्झांडर यांनी दिग्दर्शित केला, रे स्टीव्हन्सन फ्रँक झाला. रक्तपाताच्या बाबतीत हा मूळ कॉमिक्सच्या सगळ्यांत जवळचा आणि धंद्याच्या बाबतीत सपशेल आपटलेला. खर्च साडेतीन कोटी डॉलरच्या घरात, जगभरची कमाई कोटभर डॉलर. पण त्यात एक गोष्ट मोलाची आहे. फ्रँकच्या हातून सुरुवातीलाच गुंडांच्या टोळीत छुप्या वेशात शिरलेला एक सरकारी अधिकारी मारला जातो आणि ते ओझं तो सिनेमाभर वागवतो. न्यायाधीश नसलेला जल्लाद चुकतो तेव्हा काय होतं, हे इतर सिनेमांनी विचारलंच नव्हतं.

गेमचं वेगळंच. १९९३चा कॅपकॉमचा आर्केड गेम निव्वळ ठोकाठोकीचा. २००५चा गेम मात्र अस्वस्थ करणारा आहे. त्याच्या लेखनात एनिस होते, आवाज थॉमस जेनचा. त्यात गुंडांची चौकशी करायची असते, यंत्राशी, कड्याशी, आगीशी त्यांना धरून. किती दाब द्यायचा ते खेळणाऱ्याच्या हातात, एका ठरावीक पट्ट्यात काटा राखायचा. जास्त झालं की माणूस मरतो. प्रौढांपुरताच असा शिक्का बसला तर दुकानं गेम ठेवणार नाहीत, म्हणून ती मृत्युदृश्यं कृष्णधवल करून टाकली गेली. वाचक फ्रँककडे बघत होता, प्रेक्षक फ्रँकसाठी हळहळत होता, खेळणारा स्वतः फ्रँक झाला.

मग मालिका. जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आलं आणि मार्चमध्ये ‘डेअरडेव्हिल’चा दुसरा हंगाम. आपल्याकडच्या अनेकांची पनिशरशी पहिली भेट तिथली, जॉन बर्नथालच्या रूपात. त्यातला गच्चीवरचा प्रसंग थेट एनिस यांच्या कॉमिक्समधून घेतलेला आहे आणि दोन्ही शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. फ्रँकने डेअरडेव्हिलला साखळदंडाने धुराड्याला बांधलंय आणि त्याच्या हाताला पिस्तूल चिकटपट्टीने गुंडाळलंय. आता मी समोरच्या माणसाला मारणार, थांबवायचं तर मला गोळी घाल. कॉमिक्समध्ये डेअरडेव्हिल, कधीही जीव न घेणारा डेअरडेव्हिल, चाप ओढतो. नुसता आवाज होतो. फ्रँकने पिस्तुलातली आघातपिन आधीच काढून ठेवलेली असते. फ्रँक जिंकला, कारण संताच्या हातूनही खून होऊ शकतो हे त्याने दाखवून दिलं. मालिकेत पिस्तूल चालतं आणि डेअरडेव्हिल ती गोळी आपल्या साखळीवर झाडून सुटतो. कॉमिक्सने दोघांनाही डागाळलं. मालिकेने दोघांचीही इभ्रत राखली.

बर्नथालचं काम अव्वल आहे यात शंका नाही. कब्रस्तानात बसून तो मुलीची आठवण सांगतो, झोपताना गोष्ट वाच म्हणून ती हट्ट करत होती आणि थकलेला बाप उद्या म्हणाला, तो प्रसंग बघताना घशात आवंढा येतो. २०१७ साली त्याची स्वतंत्र मालिका आली. युद्ध आता अफगाणिस्तानचं होतं आणि कुटुंबाची हत्या त्याच्याच वरिष्ठांच्या कटाचा भाग. लुईस विल्सन हा भरकटलेला तरुण माजी सैनिक तिथे फ्रँकला आदर्श मानून बॉम्ब बनवतो. एनिस यांच्या त्या तीन भक्तांचा हा करुण अवतार, आणि मालिकेतला सगळ्यांत प्रामाणिक भाग. पण प्रेक्षकांनी हृदयाशी धरला तो फ्रँक.

एव्हाना कवटी गोष्टीतून सुटून बाहेर पडली होती. इराकमध्ये लढलेला नेमबाज क्रिस काइल याने आपल्या पुस्तकात लिहिलं आहे की त्याच्या तुकडीने ती गाड्यांवर, चिलखतांवर रंगवली होती. २०१७ साली केंटकी राज्यातल्या कॅटलेट्सबर्गच्या पोलिसांनी ती गाड्यांच्या बॉनेटवर चिकटवली आणि टीका झाल्यावर काढली. जानेवारी २०२१ मध्ये वॉशिंग्टनला संसद भवनात घुसलेल्या जमावातही ती दिसली. स्टिकरला ना पूर्वकथा असते, ना सेंट्रल पार्क. तिथे उरतो फक्त धाक. कायदा मोडणाऱ्याची खूण कायद्याच्या रक्षकांनी मिरवावी, हे कॉनवे यांना असह्य झालं. त्यांनी ते पुनःपुन्हा जाहीरपणे सांगितलं आणि २०२० साली कृष्णवर्णीयांच्या आंदोलनाला मदत म्हणून त्याच कवटीचे टी-शर्ट काढले.

कॉमिक्सनेही उत्तर दिलं. २०१९ साली आलेल्या ‘पनिशर’च्या तेराव्या अंकात मॅथ्यू रोझेनबर्ग यांनी दोन पोलीस फ्रँकसमोर आणले. ते खूश होऊन गाडीवरची कवटी त्याला दाखवतात. फ्रँक ती टराटरा फाडतो. तुम्ही शपथ घेतलीय, मी ती केव्हाच सोडली, आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे बघा, असं बजावतो. २०२२ साली मार्व्हलने चिन्हच बदलून शिंगांची राक्षसी कवटी आणली. २०२५च्या ‘डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन’मध्ये तर गोष्ट याच वळणावर येते. महापौर झालेल्या फिस्क या खलनायकाच्या दलातले पोलीस अंगावर ही कवटी मिरवतात आणि खुद्द बर्नथालचा फ्रँक त्यांच्यावर उसळतो. पडद्यावरच्या पनिशरने आपल्या भक्तांना इतक्या उघडपणे झिडकारायला २०२५ उजाडलं. कागदावर ते पंचवीस वर्षांपूर्वीच झालं होतं.

ज्यांनी फक्त पडद्यावरचा पनिशर पाहिला आहे, त्यांनी ‘बॉर्न’पासून सुरुवात करावी. चारच अंक आहेत. मग ‘वेलकम बॅक, फ्रँक’ घ्यावं आणि त्यानंतर ‘मॅक्स’मधली ‘द स्लेव्हर्स’ ही माणसांच्या विक्रीवरची कथा. ती मुलांच्या हाती देऊ नये आणि मोठ्यांनीही एका बैठकीत संपवायला जाऊ नये.