पनघट आणि टँकर

परीक्षेचे दिवस जवळ आले की घराघरांतले वातावरण बदलते. टीव्हीचा आवाज खाली येतो, पाहुण्यांना 'जरा नंतर या' असे सुचवले जाते आणि आई रात्री अकराला कॉफीचा कप पुढे करते. ही परीक्षा आपल्या ओळखीची आहे. पण विद्यापीठात नृत्याची पदवी घेणाऱ्यांना शेवटच्या वर्षी अशी एक परीक्षा द्यावी लागते, की जिथे पाठांतर कामाला येत नाही, बाजारात गाइड मिळत नाही आणि रात्र जागून ती उरकताही येत नाही. विद्यार्थिनीने स्वतः एक नृत्य रचायचे. विषय तिचा, संगीताची निवड तिची, नाचणारी माणसे तिनेच जमवायची आणि शेवटी परीक्षकांसमोर बसून 'हे असेच का केले?' याचे उत्तरही तिनेच द्यायचे. विद्यापीठागणिक नियम थोडे बदलतात, गाभा हाच.

वरवर पाहता यात विशेष काय, असे वाटेल. चित्रकलेचा विद्यार्थी चित्र काढतो, तसा नृत्याचा विद्यार्थी नाच बसवणार. पण कथक शिकणाऱ्या मुलीची घडण पाहिली म्हणजे यातली अडचण कळते. सातव्या-आठव्या वर्षी ती ततकारापासून सुरुवात करते. पुढची बारा-तेरा वर्षे तिला जे मिळते, ते गुरूकडून मिळते. ठाट, आमद, तोडे, परणी, गतनिकास. मनगट कुठे थांबवायचे, नजर केव्हा उचलायची, सगळे. 'ताई सांगतील तसे' हा तिच्या शिक्षणाचा पाया. आणि एके दिवशी ताईच म्हणतात, "आता तू सांग." जुन्या परंपरेत हा दिवस दीर्घ साधनेनंतर येई, काहींच्या आयुष्यात तो आलाच नाही. विद्यापीठ तो विसाव्या-एकविसाव्या वर्षी आणते, तोही वेळापत्रकात तारीख घालून.

नृत्य विद्यापीठात आले ते स्वातंत्र्यानंतर. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने ती वाट आधी पाडली. मुंबईत कनक रेळे यांचे नालंदा नृत्यकला महाविद्यालय १९७० च्या दशकात उभे राहिले आणि पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ मध्ये. कथक मात्र मुळात एकट्याने करायचे नृत्य. समोर तबला, लेहरा आणि रसिक; मनात येईल तशी उपज करावी, समेवर यावे, दाद घ्यावी. ते अनेकांच्या अंगांवर वाटून देण्याचे धाडस १९३० च्या दशकात मादाम मेनका यांनी केले. पुढे त्यांनी आपली नृत्यशाळा खंडाळ्याला काढली. अहमदाबादच्या कुमुदिनी लाखिया यांनी तर समूहातले कथक हे एक स्वतंत्र दालनच उघडले. एप्रिल २०२५ मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या हाताखालून गेलेल्या कलाकारांच्या कित्येक पिढ्या हळहळल्या. आजची विद्यार्थिनी समूहरचना करायला उभी राहते, ती या मंडळींनी साफ केलेल्या जागेवर.

रचना म्हणजे नुसती कल्पना नव्हे, तिच्यात हिशेब असतो. ज्याचे आयुष्य बँकेतल्या खतावण्यांत गेले, त्याला तर तो चटकन दिसतो. तीनताल सोळा मात्रांचा. एकच बोल तीनदा म्हणून समेवर येणे म्हणजे तिहाई. पाच मात्रांचा तुकडा, मध्ये एक मात्रा मोकळी, पुन्हा पाच, पुन्हा एक, पुन्हा पाच. बेरीज सतरा. समेवरून निघालेला शेवटचा पाय सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या समेवर बरोबर पडतो. एकटीने नाचताना हे गणित पायांत मुरलेले असते. पाच जणींना पाच दिशांनी आणून तिथे एकदम पोहोचवायचे, तर मात्रांबरोबर रंगमंचावरची पावलेही मोजावी लागतात. एकटीचा नाच काळाला भिडतो; समूहाच्या नाचाला जागेशीही व्यवहार करावा लागतो.

पण हिशेब जुळला म्हणजे रचना झाली, असेही नाही. आमच्या नात्यातली एक मुलगी गेल्या वर्षी या परीक्षेतून गेली. ती लातूरची, शिकायला पुण्यात. तिने विषय निवडला पनघटाचा. कथकमध्ये घागर घेऊन पाण्याला निघालेली गोपी नवी नाही. ती घुंगट सावरते, डोक्यावर घागर ठेवते, वाटेत कृष्ण खडा मारतो, घागर फुटते, ती भिजते आणि लटकी रागावते. ही गत तिला लहानपणापासून येत होती. आणि तरीही घागर फुटण्याच्या जागेवर तिचा पाय अडू लागला.

कारण तिच्या आठवणीतला पनघट वेगळा होता. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरचे पाणी आटले तेव्हा ती सहावीत होती. पाण्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, असा तो उन्हाळा. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. मुलगी आईबरोबर टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी राहायची. तिथे सांडलेले पाणी ही लीला नव्हती, तो घरातल्या एका माणसाचा दिवस होता. तीच घागर, तोच हात; मग भाव तोच कसा ठेवायचा?

ताईंनी उत्तर दिले नाही. एवढेच म्हणाल्या, "हात तोच ठेव. वजन बदलून बघ." मुलीने होस्टेलच्या गच्चीवर खराखुरा भरलेला हंडा डोक्यावर घेतला. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो. मान आखडते, पाऊल सपाट पडते, कंबर मुरडायला वावच राहत नाही. इतकी वर्षे आपण रिकामी घागर नाचवत होतो, हे तिला त्या गच्चीवर कळले. तिथून तिची रचना सुरू झाली.

मग नेहमीची दैना. बरोबर नाचणाऱ्या चौघी खालच्या वर्गांतल्या, त्यांच्याही परीक्षा. एकीचा घोटा मुरगळला, एकीच्या घरी लग्न निघाले. ध्वनिमुद्रणाचे पैसे तासावर, म्हणून तबलजींना सगळे बोल आधी लिहून द्यायचे. चौदा मिनिटांचे काम आठ मिनिटांत बसवायचे. मैत्रिणी म्हणाल्या, "रेल्वे घाल की! पायांनी गाडीचा आवाज काढलास तर टाळ्या ठरलेल्या." खरेच होते ते. तिने तो तुकडा बसवलाही होता आणि झकास बसवला होता. शेवटी तिने तोच काढला. म्हणाली, "काका, ती गाडी मी पेपरात पाहिली. मी रांग पाहिली होती."

मला वाटते, या साऱ्या उपद्व्यापाची किंमत या वाक्यात आहे. टाळ्यांचा तुकडा कुणी परीक्षकाने काढायला लावला असता, तर तिने तो नाइलाजाने काढला असता. इथे तिने तो स्वतः काढला आणि का काढला हे ती सांगू शकत होती. तोंडी परीक्षेत तिला विचारले गेले की, हंडा सांडतो तेव्हा तुमच्या रचनेत कुणी रडत का नाही? तिने सांगितले, "रडायला थांबले असते, तर मागची पुढे सरकली असती." असे उत्तर पुस्तकातून येत नाही, आणि गुरूकडूनही येत नाही. गुरू ते येईपर्यंत गप्प राहू शकतो, एवढेच.

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. कला सहामाहीच्या मापाने मोजायची का? ज्यांचा हात अजून पुरता तयार नाही, त्यांनी रचना करावी का? दरवर्षी अशा कित्येक रचना एकदाच होतात आणि विसरल्या जातात, हेही खरे. पण शाळेत लिहिलेला पहिला निबंध तरी कोण जपून ठेवतो? तो लिहिल्यावाचून पुढचे लिहिता येत नाही. धोका आहे तो दुसराच. नवे करायचे म्हणून विषय नवा घ्यायचा आणि अंगात काहीच बदलायचे नाही. स्त्रीमुक्ती, पर्यावरण, युद्ध; फळ्यावर शीर्षक जाड अक्षरांत आणि खाली तेच तोडे. भरलेला हंडा डोक्यावर घेतल्याखेरीज पनघटाचा टँकर होत नाही.

आईवडिलांचा प्रश्न मात्र राहतोच. पदवी झाली, आता पुढे काय? नृत्यात पोट भरणे अवघड आहे, याबद्दल कुणी कुणाला फसवू नये. बहुतेक जणी क्लास काढतात, काही शाळेत शिकवतात, थोड्या रंगमंचावर टिकतात, बऱ्याच जणींचे घुंगरू कपाटात जातात. तरीही एकविसाव्या वर्षी एखाद्या मुलीने आपल्या निर्णयाचे कारण चार अनुभवी माणसांसमोर न अडखळता सांगावे, याला आपल्या घरांमध्ये काय मोल आहे, हे मुलींच्या आयांना वेगळे सांगायला नको.

ती मुलगी आता लातूरला आहे. संध्याकाळी पंधरा-वीस लहान मुली तिच्याकडे येतात. त्यांना ती पनघटाची गत शिकवते. आपली नव्हे, ताईंनी दिली होती तीच, खडा मारणाऱ्या कृष्णासकट. मी कारण विचारले. ती म्हणाली, "आधी ही यायला हवी ना, काका. बदलायची तर त्यांनी त्यांच्या कारणाने बदलावी. माझ्या का?"