सोन्यापेक्षा खिळेच फार

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियामध्ये मोलियागल नावाचे खेडे आहे. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी तिथे जॉन डीसन एका झाडाच्या मुळांभोवतीची माती उकरत होता. कुदळ कशावर तरी आपटली. जागा बदलून पाहिली, तरी तेच. वैतागून त्याने माती बाजूला केली, तर जेमतेम इंचभर खोलीवर सोन्याचा अजस्र गोळा निघाला. डीसन आणि त्याचा भागीदार रिचर्ड ओट्स यांनी तो डनॉली गावी नेला. तिथल्या बँकेच्या तराजूत तो मावेना, म्हणून लोहाराच्या ऐरणीवर त्याचे तुकडे करून वजन करावे लागले. शुद्ध सोने भरले सुमारे ७१ किलो. ‘वेलकम स्ट्रेंजर’ नावाने ओळखला जाणारा हा गोळा आजही जगातला सर्वात मोठा मानला जातो.

या प्रांतात सोन्यासाठी झुंबड उडाली होती १८५१ साली. म्हणजे तब्बल १८ वर्षे लोक या मुलखात हात धुवून सोन्याच्या मागे लागले होते आणि इतका मोठा ऐवज इंचभर मातीखाली पडून होता! बॅलरॅट, बेंडिगो, मेरीबरो, डनॉली, वेडरबर्न या टापूला आज ‘गोल्डन ट्रँगल’ म्हणतात. सुट्टीच्या दिवशी इथल्या निलगिरीच्या रानात कानाला हेडफोन लावून, जमिनीलगत मेटल डिटेक्टरची थाळीसारखी कॉइल डावी-उजवीकडे फिरवत सावकाश चालणारी माणसे दिसतात. त्यांत निवृत्त जोडपी असतात, नोकरदार असतात, सुट्टीत आलेली मुलेही असतात. एकेका चढावर आजवर किती पिढ्यांच्या कुदळी पडल्या असतील, याची मोजदाद नाही. तरीही सोने सापडते. का?

पहिले कारण पाणी. जुन्या काळी सोने वेगळे करायचे ते धुऊन. सोन्याची घनता १९.३, गारगोटीची २.६५. थाळीत माती आणि पाणी घेऊन हलवले की हलकी वाळू वाहून जाते आणि सोने तळाशी बसते. आपल्याकडच्या सराफ पेठांमधले झारेकरी दुकानांतली धूळ याच तत्त्वावर धूत आले. पण जिथे पाणीच नाही, अशा कोरड्या चढावरची माती धुणार कशी? शिवाय पलीकडच्या गावात सोने लागल्याची आवई उठली की अर्धवट खणलेले खड्डे टाकून सगळे तिकडे पळत. त्यामुळे ओढ्यांचे तळ चाळून निघाले, पण भोवतीचे माळ बरेचसे शाबूत राहिले.

या माळांची कवाडे उघडली मेटल डिटेक्टरने. १९८० मध्ये किंगोवर गावाजवळ अशाच एका यंत्राने सुमारे फूटभर खोलीवरचा २७.२ किलोचा गोळा दाखवून दिला. ‘हँड ऑफ फेथ’ या नावाचा तो गोळा लास वेगासच्या एका कसिनोने दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतला.

पण सोन्याचे डिटेक्टर बनवणाऱ्यांची खरी डोकेदुखी सोने नव्हतीच. ती होती माती. इथल्या तांबड्या मातीत लोहाची खनिजे भरपूर. त्यांतले मॅग्हेमाइट हे चुंबकीय खनिज वणव्याच्या उष्णतेनेही तयार होते आणि निलगिरीच्या रानांना वणवे नवे नाहीत. साधे यंत्र अशा जमिनीवर धरले की ते पावलोपावली ओरडत सुटते.

यावर उतारा निघाला तो ‘पल्स इंडक्शन’ पद्धतीचा. कॉइलमधून विजेचा एक झटका सोडायचा आणि तो एकदम तोडायचा. चुंबकीय क्षेत्र कोसळताना जमिनीतल्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि काही मायक्रोसेकंदांत विरतात. त्यांची क्षीण चाहूल कॉइल टिपते. बारीक कणातला प्रवाह लवकर विरतो, मोठ्या गोळ्यातला रेंगाळतो. मातीही उत्तर देते, पण तिचा प्रतिसाद ओसरण्याची चाल ठरावीक असते. वेगवेगळ्या क्षणी मोजमापे घेऊन ती एकमेकांतून अशी वजा करायची की मातीचा वाटा शून्यावर यावा. उरेल तो धातू. अ‍ॅडलेडच्या ‘माइनलॅब’ कंपनीतले शास्त्रज्ञ ब्रूस कँडी यांनी १९९० च्या दशकात एकाऐवजी कमी-अधिक लांबीचे झटके वापरून हे गणित आणखी पक्के केले. त्यानंतर लोकांनी ‘इथे काही उरले नाही’ म्हणून सोडलेल्या जमिनी पुन्हा पालथ्या घातल्या आणि त्यांतून सोने निघाले.

प्रत्यक्षात हे काम चिकाटीचा अंत पाहणारे आहे. हेडफोनमध्ये सतत एक बारीक गुणगुण चालू असते. तिच्यात किंचित चढउतार झाला की थांबायचे, पायाने वरचा पाचोळा सारायचा, पुन्हा कॉइल फिरवायची. आवाज टिकला तर खणायचे. कुदळीला बहुधा चुंबक बसवलेले असते. खिळा असेल तर तो चुंबकालाच येऊन चिकटतो. नसेल तर प्लॅस्टिकच्या लहान फावडीत माती घ्यायची आणि कॉइलवरून न्यायची. फावडी प्लॅस्टिकची, कारण लोखंडी असती तर तीच बोलली असती. आवाज आला तर अर्धी माती हातावर ओतून पुन्हा तपासायची, मग उरलेल्याची अर्धी. एकूण हाती येते ते बहुतेक वेळा बुटाचा खिळा, डब्याचा पत्रा किंवा बंदुकीचा शिशाचा छर्रा. छर्रा सर्वात दुष्ट. चुंबकाला चिकटत नाही, हाताला जड लागतो आणि आवाजही सोन्यासारखाच देतो.

मुळात एवढे मोठाले गोळे बनतात कसे? सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वी इथला समुद्रतळाचा गाळ दाबला जाऊन त्याला घड्या पडल्या. भेगांमधून वर आलेल्या गरम पाण्याने गारगोटीच्या शिरा भरल्या आणि त्यात सोने उतरले. पुढे वरचा खडक झिजला आणि सोने मातीत मोकळे झाले. इथवर फारसा वाद नाही. पण त्या पाण्यात सोने अत्यल्प असते. ते एकाच जागी किलोकिलोने का साचावे? मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातले ख्रिस व्हॉइझी आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये एक देखणे उत्तर मांडले. गारगोटीवर दाब पडला की तिच्यात विद्युतदाब निर्माण होतो. गॅसच्या लायटरमध्ये ठिणगी पडते ती याच गुणधर्माने. भूकंपात शिरा पुन्हा पुन्हा दाबल्या जातात. त्या विजेने द्रावणातले सोने गारगोटीवर बसते. एकदा कण बसला की तो स्वतःच उत्तम वाहक, त्यामुळे पुढचे सोने त्याच्यावरच चढत जाते. गारगोटीचे तुकडे सोन्याच्या द्रावणात ठेवून, त्यांना भूकंपासारखे हादरे देऊन या मंडळींनी हे प्रयोगशाळेत करून दाखवले. निसर्गात यातले किती घडले हे ठरायला वेळ लागेल, पण कल्पना मला पटण्याजोगी वाटते.

कधीकधी यंत्र भलतेच दान पदरात टाकते. २०१५ मध्ये मेरीबरोजवळ एका हौशी माणसाला १७ किलोचा तांबूस दगड मिळाला. आत सोने असणार म्हणून त्याने करवत, ड्रिल, घण, अगदी अ‍ॅसिडही वापरून पाहिले. दगड दाद देईना. काही वर्षांनी तो मेलबर्नच्या संग्रहालयात गेला, तेव्हा कळले की ती उल्का आहे, सुमारे ४६० कोटी वर्षे वयाची. यंत्र बोलले होते ते तिच्यातल्या लोखंडामुळे. शास्त्राच्या दृष्टीने हा सौदा सोन्यापेक्षा फायद्याचा!

हे सगळे उघडपणे चालते, कारण कायदा सोबतीला आहे. त्यामागे रक्त सांडले आहे. सोने लागो न लागो, खणणाऱ्याला परवान्याची जाचक फी भरावी लागे. त्या संतापातून १८५४ मध्ये बॅलरॅटला ‘युरेका’चा उठाव झाला आणि त्यात वीसहून अधिक माणसे मेली. पुढच्याच वर्षी वर्षाला एक पौंड भरून मिळणारा ‘मायनर्स राइट’ आला. तोच परवाना आज १० वर्षांसाठी मिळतो आणि त्याच्या आधारे सापडलेले सोने शोधणाऱ्याचे होते. मात्र हत्यारे हातातलीच हवीत, बहुतेक राष्ट्रीय उद्याने वर्ज्य, आदिवासींच्या वारशाच्या जागांना हात लावायचा नाही आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा.

मेलबर्नला मुलांकडे राहायला जाणारे मराठी आईवडील आता कमी नाहीत. मेरीबरो तिथून मोटारीने दोन-अडीच तासांवर आहे. जायचे असेल तर आधी परवाना काढा आणि पाण्याच्या बाटल्या भरपूर घ्या. पेट्रोलचा खर्च सोन्यातून वसूल होईल या हिशेबाने मात्र जाऊ नका.