टू-डी इको : अहवालातील आकडा आणि वैद्याचे तारतम्य

पायांवर शोथ, जिना चढताना धाप, रात्री आडवे पडताच श्वास कोंडणे, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णाच्या हाती आज बहुधा टू-डी इकोचा अहवाल असतो. हृदयाला त्रिमर्मांत स्थान देणाऱ्या आपल्या शास्त्राच्या अनुयायांनी तो नीट वाचावा, असे आम्हांस वाटते.

१९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एडलर व हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाच्या हालचालीची नोंद केली. तेथून या तपासणीचा उगम झाला. अहवालात प्रथम दिसतो तो 'ईएफ'. डाव्या जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडते, हे तो सांगतो. ४०% वा त्याहून कमी ईएफ आकुंचनाची दुर्बलता दर्शवितो. ४१ ते ४९% ही मधली पायरी होय. मात्र ५०% वा अधिक ईएफ असूनही हृदय विफल असू शकते. वृद्ध, स्थूल, रक्तदाब वा मधुमेहाच्या रुग्णांत हृदय ताठर होऊन पुरेसे शिथिल होत नाही. म्हणून डाव्या कर्णिकेचा आकार, झडपा व फुप्फुसांतील रक्तदाब यांच्या नोंदीही पाहाव्यात.

तपासणीचे स्थळही ध्यानी घ्यावे. तातडीच्या कक्षात छोट्या यंत्राने आकुंचन, हृदयावरणातील द्रव व फुप्फुसांतील पाणी यांचा त्वरित अंदाज येतो. झडपांचे व शिथिलतेचे मोजमाप सविस्तर इकोतच होते. गर्भलिंग ओळखू शकणारे कोणतेही सोनोग्राफी यंत्र १९९४ च्या कायद्यानुसार नोंदणीविना दवाखान्यात ठेवता येत नाही, हेही विसरू नये.

सर्वांत मोठा धोका सुधारलेल्या अहवालात असतो. ईएफ पूर्ववत झालेल्या रुग्णांची औषधे टप्प्याटप्प्याने थांबविल्यावर सहा महिन्यांत सुमारे ४०% जणांत विकार उलटल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील अभ्यासात दिसले. तेव्हा 'इको चांगला आला, आता गोळ्या बंद' हा सल्ला आपल्याकडून कदापि जाऊ नये.

औषधी दुकानदारांचेही यात मोठे कर्तव्य आहे. अशा रुग्णास लवणयुक्त चूर्णे, दीर्घकाळ ज्येष्ठमध वा वेदनाशामक गोळ्या देण्यापूर्वी चौकशी करावी. यांनी शरीरात पाणी साठते. रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढल्यास पुढच्या इकोची वाट न पाहता त्यास हृद्रोगतज्ज्ञाकडे धाडावे.