कमी आचेचं वाळवण

गुऱ्हाळात उसाचा रस उघड्या काहिलीत आटतो. रस दाट होत जातो तसा तो अधिकाधिक तापमानाला उकळू लागतो, आणि गुळव्या काहील उतरवायला सांगतो तेव्हा पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअसला पोचलेला असतो. गुळाचा रंग आणि खमंगपणा या तापण्यातूनच येतो. साखर कारखान्याला मात्र हा रंग नको असतो. म्हणून तिथे पाक बंद भांड्यात, आतली हवा खेचून, साधारण ६५ ते ७० अंशांवर उकळतात. एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रज रसायनज्ञाने १८१३च्या सुमारास व्हॅक्यूम पॅनची ही रीत आणली. औषध कारखान्यांतल्या आणि प्रयोगशाळांतल्या व्हॅक्यूम ओव्हनचं तत्त्व हेच.

पाणी १०० अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीवर. महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांना उकळतं, लेहला ८८च्या आसपास. द्रवातले रेणू सतत बाहेर पडू पाहत असतात. त्यांचा बाष्पदाब बाहेरच्या दाबाशी बरोबरी करतो तेव्हा द्रव उकळतो. बाहेरचा दाब वातावरणाच्या एक दशांशावर, म्हणजे १०० मिलिबारवर आणला, तर पाणी ४६ अंशांनाच उकळतं. ५० मिलिबारला ३३ अंश पुरतात. जे पदार्थ तापवले की करपतात, पिवळे पडतात किंवा गुण गमावतात, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे.

पण पोकळी पाणी ‘ओढून घेते’ अशी समजूत अनेकांची असते, आणि तिथेच गफलत होते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला १०० अंशांवर सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता लागते. ३३ अंशांवर ती कमी होत नाही, उलट २४२० किलोज्यूलपर्यंत वाढते. पोकळीमुळे लागणारं तापमान उतरतं, लागणारी उष्णता नाही. शिवाय साध्या ओव्हनमध्ये पंख्याने खेळवलेली गरम हवा मालापर्यंत ऊब पोचवते. इथे हवाच काढून टाकलेली! म्हणून कारखान्यातल्या मोठ्या ड्रायरचे कप्पे पोकळ असतात, त्यांतून गरम पाणी फिरतं आणि ऊब कप्प्यातून ट्रेच्या तळात, तिथून मालात जाते. थोडी उष्णता प्रारणाने मिळते, तेवढीच. ट्रेचा तळ वाकलेला असेल तर तो कप्प्याला मोजक्याच जागी टेकतो आणि बाकीचा माल ओला राहतो. अशा वेळी पंपाला दोष देण्याआधी ट्रे उलटा करून पाहावा.

वाफ होताना माल स्वतः थंड होतो, हेही ध्यानात ठेवायला हवं. कप्पा ६० अंशांवर आणि माल ३० अंशांवर, असं तासन्‌तास चालतं. तापमापी मालात खोचलेली असेल तर मोकळं पाणी संपल्यावर तिचा आकडा कप्प्याच्या तापमानाकडे चढू लागतो. बाहेरच्या पॅनेलवर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा मला हा आकडा कितीतरी बोलका वाटतो.

ऊब पोचवण्याच्या अडचणीवर मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यांनी सुरेख तोड काढली आहे. ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याच्या गुंडाळ्यांवर कागदाचं इन्सुलेशन असतं आणि नव्या कागदात वजनाच्या सात-आठ टक्के ओल असते. ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणावी लागते, नाहीतर इन्सुलेशन कमकुवत राहतं. त्यासाठी गुंडाळ्या एका मोठ्या व्हॅक्यूम टाकीत ठेवून आत रॉकेलसारख्या द्रावकाची गरम वाफ सोडतात. ती थंड कागदावर निवते आणि निवताना आपली उष्णता थेट कागदाला देते. मग पोकळी वाढवून द्रावक आणि ओल दोन्ही काढून घेतात.

निघालेल्या वाफेचंही काहीतरी करावं लागतं. ५० मिलिबार दाबाला एक किलो पाण्याची वाफ सुमारे २८ घनमीटर जागा घेते. लहानशी खोली भरेल इतकी. ती सगळी पंपात गेली तर पंपाचं तेल दुधाळ होऊन बिघडतं. म्हणून पंपाच्या आधी थंड कंडेन्सर बसवून तिचा पुन्हा द्रव करतात. तरीही थोडी वाफ निसटतेच. तिच्यासाठी वोल्फगांग गेडे या जर्मन शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये उपाय शोधला: पंपात मुद्दाम थोडी हवा सोडायची, म्हणजे दाबली जाताना वाफ आतच निवत नाही.

महाराष्ट्रात हे ड्रायर सर्वाधिक कामाला येतात ते तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ इथल्या औषधी रसायनांच्या कारखान्यांत. सेंट्रिफ्यूजमधून निघालेल्या ओल्या मालात पाण्यापेक्षा द्रावकच अनेकदा जास्त असतो आणि तो रुग्णाच्या गोळीपर्यंत जाता कामा नये. औषधांच्या आंतरराष्ट्रीय निकषांत मिथेनॉलची मर्यादा दशलक्ष भागांत ३००० आहे, डायक्लोरोमिथेनची ६००, बेन्झीनची अवघी २. आत हवा जवळजवळ नसल्याने द्रावकाच्या वाफेने पेट घेण्याचा धोका घटतो आणि कंडेन्सरमध्ये द्रावक परतही मिळतो.

मात्र पूर्ण कोरडं म्हणजे चांगलं, असंही नाही. अमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेट या प्रतिजैविकाच्या स्फटिकात दर रेणूमागे पाण्याचे तीन रेणू बांधलेले असतात. त्यातलं पाणी ११.५ ते १४.५ टक्क्यांच्या दरम्यानच असावं लागतं. ड्रायर जास्त वेळ चालला तर हे बांधलेलं पाणीही निघू लागतं आणि स्फटिकाची घडण बिघडते. लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडचं याच्या अगदी उलट: तिथे लेशमात्र ओल राहिली तरी इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षाराशी तिची अभिक्रिया होऊन हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं.

मग थांबायचं केव्हा? पंपाकडे जाणारा व्हॉल्व्ह काही मिनिटं बंद करून दाब पाहतात. दाब चढत असेल तर मालातून अजून वाफ निघते आहे किंवा दाराचं गॅस्केट हवा घेतं आहे. या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी हीच चाचणी रिकाम्या ड्रायरवर आधी करून तो आकडा लिहून ठेवलेला असावा. पोकळी सोडतानाही व्हॉल्व्ह हळूहळूच उघडायचा, कारण एकदम शिरलेल्या हवेने ट्रेमधली बारीक पूड उडून सगळ्या कप्प्यांवर पसरते.