दह्यावरचे पिवळे पाणी

विरजलेल्या दह्यातून चमचाभर दही काढले, की थोड्या वेळाने त्या खळग्यात हिरवट-पिवळसर पाणी साचते. पुष्कळ घरांत ते ओतून दिले जाते. वाचकहो, त्या पाण्याला हा रंग देणारे द्रव्य म्हणजे रायबोफ्लेविन, अर्थात ‘ब-२’ जीवनसत्त्व. दुधाच्या निवळीतील हे पिवळे रंगद्रव्य संशोधकांच्या नजरेत १८७९ साली आले, आणि त्याच्या नावातील ‘फ्लेविन’ हा अंश पिवळ्या रंगाच्या लॅटिन शब्दावरून घेतलेला आहे. दह्याचे पाणी यापुढे फेकू नका. ते कणकेत मिसळावे किंवा वरणात घालावे.

आपण खाल्लेल्या भाकरीचे, तुपाचे, डाळीचे शक्तीत रूपांतर होताना जी विकरे काम करतात, त्यांपैकी अनेकांना रायबोफ्लेविनचा आधार लागतो. ‘ब-६’ जीवनसत्त्व कार्यक्षम रूपात येण्यासाठी आणि प्रथिनांतील ट्रिप्टोफॅनपासून नायसिन तयार होण्यासाठीही ते हवे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास दख्खनमधील ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत आढळणारा पेलाग्रा अभ्यासला होता. तो रोग नायसिनच्या कमतरतेचा. एकाच धान्यावर आहार तोलून धरला की एका जीवनसत्त्वाची उणीव दुसऱ्याला कशी ओढून घेते, हे त्यातून ध्यानी येते. ज्वारीत उडीद मिसळून कळण्याची भाकरी करणाऱ्या आपल्या खानदेशातील पूर्वजांच्या व्यवहारज्ञानाचे मला म्हणूनच कौतुक वाटते.

आता हिशेब पाहू. २०२० च्या भारतीय शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २ मिलिग्रॅम आणि स्त्रीला १.९ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन हवे. पेलाभर दुधातून किंवा दह्यातून साधारण पाव मिलिग्रॅम मिळते, एका अंड्यातून ०.२ च्या आसपास, दिवसभरातील तीन भाकरींतून पाव मिलिग्रॅमच्या जवळपास. डाळी, पालेभाज्या, मोड आलेले मूग, दहाएक बदाम यांची थोडी थोडी भर पडते. बेरीज करून पाहा; दोनचा आकडा गाठणे सोपे नाही. मांसाहार करणाऱ्यांसाठी कलेजी हा याचा उत्तम साठा. परंतु यूरिक आम्ल वाढलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच ती खावी.

ज्येष्ठांच्या ताटाकडे पाहिले, तर अडचण अधिकच गडद होते. जळगाव-धुळ्याकडच्या ज्या घरांत मुले पुण्या-मुंबईला गेली आहेत, तेथे एकट्या राहणाऱ्या आजी दोन वेळा स्वयंपाक करतीलच असे नाही. सकाळी चहात बुडवलेले टोस्ट, दुपारी मऊ भात आणि पातळ वरण, रात्री पुन्हा चहा. कवळी टोचते म्हणून भाकरी सुटते, ‘कफ होतो’ म्हणून दूध-दही सुटते, महाग पडते किंवा घरात चालत नाही म्हणून अंडे नसते. पोट भरलेले असते, वजनही फार घटत नाही, आणि म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. हे जीवनसत्त्व शरीरात फारसे साठत नाही. आहार बिघडला की काही आठवड्यांत त्याची चणचण भासू लागते.

ती दिसते कशी? ओठांचे कोपरे फाटतात, ओठांना चिरा पडतात, जीभ लालसर-जांभळी होऊन झोंबते, तिखट तोंडाला लागू देत नाही. नाकाच्या बाजूंना तेलकट खपल्या धरतात. काहींना उजेड सहन होत नाही, डोळे चुरचुरतात. आपल्याकडे या सर्वांना ‘उष्णता वाढली’ असे एकच निदान मिळते, आणि गुलकंद, सब्जा सुरू होतो. जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तिथे असे वाटणे स्वाभाविक आहे; पण थंडीतही तोंड येत राहिले, तर उष्णतेला दोष देऊन कसे चालेल?

मात्र प्रत्येक फाटलेला ओठ म्हणजे रायबोफ्लेविनची कमतरता, असेही समजू नका. सैल कवळीमुळे कोपऱ्यांत लाळ साचून बुरशी होते. मधुमेहात ती वारंवार होते. लोहाच्या आणि ‘ब-१२’ च्या अभावातही जीभ अशीच गुळगुळीत होते, आणि दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी ज्येष्ठांनी ‘ब-१२’ तपासून घेणे इष्ट. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तंबाखू, मिसरी किंवा गुटख्याची सवय असलेल्या, आणि ती कधीकाळी सोडलेल्याही, माणसाच्या तोंडातील व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर गोळ्या बदलत बसू नये. तो तज्ज्ञांना दाखवावा. ‘व्हिटॅमिन कमी आहे’ या समजुतीखाली गेलेले चार महिने कर्करोगात फार महाग पडतात.

रायबोफ्लेविनचे दोन शत्रू आहेत, आणि दोन्ही आपल्या स्वयंपाकघरात असतात. पहिला प्रकाश. उकळण्याने या जीवनसत्त्वाचे फारसे नुकसान होत नाही, परंतु पारदर्शक बाटलीतील दूध कडक उन्हात दोन तास राहिले, तर निम्म्याहून अधिक रायबोफ्लेविन नष्ट होऊ शकते. सकाळी दुकानाबाहेर उन्हात पडलेल्या क्रेटमधील पिशव्या घेण्याऐवजी आतल्या मागाव्यात, आणि दूध काचेच्या भांड्याऐवजी झाकणाच्या स्टीलच्या पातेल्यात ठेवावे. मेथी गच्चीवर वाळवायची असेल, तर सावलीत वाळवावी. दुसरा शत्रू म्हणजे खाण्याचा सोडा. डाळ लवकर गळावी, पालेभाजी हिरवी दिसावी म्हणून घातलेली चिमूट या जीवनसत्त्वाचा नाश करते. डाळ आधी भिजवून कुकरला लावली, तर सोड्याची गरजच पडत नाही. भाजी उकडून पाणी फेकणे हाही तोटाच, कारण हे जीवनसत्त्व पाण्यात उतरते.

दूध पचत नसलेल्यांना दही किंवा ताक बहुधा चालते. दात नसतील, तर दह्यात कालवलेली भाकरी, मऊ घुटलेली उडदाची डाळ, उकडून कुस्करलेले अंडे द्यावे. ताक मात्र ताक असावे. चार पेले पाण्यात दोन चमचे दही घातले, तर त्यातून मिळणार काय? मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी दूध आणि डाळींचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

गोळ्यांविषयी एवढेच सांगतो. आहार सुधारायला वेळ लागत असेल किंवा लक्षणे स्पष्ट असतील, तर ‘बी कॉम्प्लेक्स’ काही आठवडे देणे योग्य असते, आणि ओठ पुष्कळदा थोड्याच दिवसांत भरून येतात. अमिट्रिप्टिलिन किंवा फिट्सची जुनी औषधे चालू असतील, तर ती आठवणीने सांगावीत. त्यांतील काही या जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणतात. गोळी सुरू झाल्यावर लघवी गडद पिवळी होते, आणि मग घाबरलेला मुलगा रात्री दहा वाजता फोन करतो : ‘डॉक्टर, बाबांना कावीळ झाली का?’ तो रंग बहुधा शरीराला नको असलेल्या रायबोफ्लेविनचाच असतो. डोळ्यांचा पांढरा भाग खिडकीच्या उजेडात पाहा. तो पांढरा असेल, भूक नीट असेल, तर धीर धरा. डोळेही पिवळे दिसत असतील, तर गोळीला कारण न धरता सकाळीच दवाखान्यात या.