गाठ : दिसणे आणि कळणे

पॅथॉलॉजी शिकवून मी निवृत्त झालो, तरी माधवगंजात शेजाऱ्यांच्या लेखी अजून डॉक्टरकाकाच आहे. परवा एक मुलगा आईचा पेट-सीटीचा अहवाल घेऊन आला. मानेत आणि छातीत लसिकाग्रंथी सुजल्या होत्या. "काका, एवढा महागडा फोटो काढला, त्यात आजार दिसला. मग आता गाठ कापून काढायची कशाला?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "बाळा, दोरीला गाठ कुठे बसली ते लांबून दिसते, कशी बसली ते सोडवल्यावरच कळते."

सीटीत गाठीची जागा आणि आकार कळतो. पेटसाठी किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर शिरेतून देतात. सुमारे ११० मिनिटांत तिचा किरणोत्सार निम्मा होतो. जास्त साखर खाणाऱ्या पेशी चित्रात उजळतात. लिम्फोमाच्या पेशी तशा उजळतात, पण क्षयाने सुजलेली ग्रंथीही उजळते. आपल्याकडे क्षय पुष्कळ. म्हणून नुसत्या उजेडावर निदान करता येत नाही. अंदाजाने क्षयाची औषधे सुरू केली आणि आजार लिम्फोमा निघाला, तर मोलाचे महिने वाया जातात.

बारीक सुईने थोड्या सुट्या पेशी मिळतात. अख्खी ग्रंथी काढली, तर पेशींची मांडणीही दिसते. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली या आजाराचे वर्णन केले. त्यातील खुणेची पेशी मात्र स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये आणि डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली नेमकी टिपली. ही पेशी मोठी, बहुधा दोन केंद्रकांची, घुबडाच्या डोळ्यांसारखी दिसते. पुढे सीडी १५, सीडी ३० अशा खुणा रंगवून प्रकार पक्का करतात. औषध त्या प्रकारावर ठरते.

"आणखी एक," मी बजावले, "तुकडा घेण्याआधी डॉक्टरांना न विचारता स्टेरॉइड देऊ नकोस. सूज ओसरते आणि निदान झाकले जाते."

गाठ काढली. आजार हॉजकिनचा निघाला, उपचार सुरू झाले. मुलाने विचारले, "मग तो फोटो फुकटच गेला का?" मी म्हणालो, "नाही रे, जपून ठेव. आजार कुठवर पसरला ते त्यानेच सांगितले. औषधाचा गुण आला की नाही, हे पुढचा फोटो त्याच्याशेजारी ठेवूनच कळेल."