लक्षण-प्रश्नावलीची यथार्थता : भिवंडीच्या संदर्भात

चिंता व विषण्णता यांची लक्षणे टिपणारी प्रश्नावली एका भाषेतून दुसरीत नेली, म्हणजे ती तेथेही तेच मोजते, असे गृहीत धरणे शास्त्रीय दृष्ट्या धोक्याचे आहे. विषण्णतेच्या नऊ लक्षणांची अमेरिकन प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली. ती ज्या मोठ्या प्रश्नावलीचा भाग आहे, तिची स्पॅनिश आवृत्ती त्याच सुमारास स्पेनमध्ये १,००३ आंतररुग्णांवर पारखण्यात आली. आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. तेथील प्राथमिक आरोग्यसेवेत आलेल्या ५९८ व्यक्तींवर पाच प्रश्नावल्यांची तुलना झाली व ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. कसोटी म्हणून सविस्तर मुलाखत योजिली होती.

भिवंडीत हा प्रश्न विशेष बिकट होतो. येथे यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप नीट लागली का, थकवा जाणवला का, असे विचारल्यास रात्रपाळीचा कामगार त्रास होतो असेच सांगेल; तो त्रास रोगाचा की पाळीचा, हे गुणांवरून कळत नाही. उलट, ‘उदास वाटते का’ या प्रश्नास तोच कदाचित ‘नाही’ म्हणेल, आणि डोके जड होते, छातीत धडधडते, जीव घाबरा होतो, असे आपण होऊन सांगेल. म्हणून मराठी मसुद्याचे मूळ भाषेत उलट भाषांतर करून घेणे आवश्यक असले तरी पुरेसे नव्हे. पुस्तकी ‘विषण्णता’ उलट भाषांतरात बिनचूक उतरते. मागावरच्या माणसाला ती परकीच राहते. थोड्या लोकांना प्रश्न वाचून दाखवावेत व त्यांना काय समजले ते त्यांच्याच शब्दांत ऐकावे, हा टप्पा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा होय. शिवाय येथे उर्दू, हिंदी व तेलुगू बोलणारे पुष्कळ आहेत. मराठी आवृत्तीची यथार्थता त्यांच्या कामी येणार नाही.

आता गुणांच्या सीमेविषयी. मूळ प्रश्नावलीत २७ पैकी १० ही सीमा धरली असता संवेदनशीलता व विशिष्टता दोन्ही ८८ टक्के आढळल्या. हजारांत ५० जण खरोखर आजारी आहेत असे मानू. त्यांतील ४४ सापडतील; पण उरलेल्या ९५० पैकी ११४ जणही सीमेपलीकडे जातील. म्हणजे संशयित ठरलेल्या १५८ पैकी ११४ निष्कारण. सीमा वर नेल्यास हे कमी होतील, परंतु निसटणारे सहाच राहणार नाहीत, आणि त्यांत आत्मघाताचा विचार करणारा एखादा असू शकेल. तेव्हा भिवंडीची सीमा भिवंडीतच, तज्ज्ञाच्या मुलाखतीशी ताडून ठरवावी लागेल. आणि मुलाखत घेणाऱ्यास प्रश्नावलीचे गुण आधी ठाऊक असता कामा नयेत.